गणिताच्या परीक्षेचं आवतण

सुलभाबाई देवपुजारींचं एक ठाम मत होतं: घरी येऊन बोलावलं नाही, तर ते बोलावणं नव्हेच. अमेरिकेत, बेलव्ह्यूला येऊन सतरा वर्षं झाली, तरी व्हॉट्सअ‍ॅपवर आवतण आलेल्या बारशाला त्या जात नसत. नागपूरला त्यांचे वडील भर मे महिन्यात सायकलवर लग्नाची अक्षत वाटत हिंडले होते, आणि इथे एसी गाडीतून लोकांना पलीकडच्या गल्लीपर्यंत येववत नाही म्हणजे काय!

अशा बाईंना शाळेने ऑफिसात सेक्रेटरी म्हणून घेतलं आणि वर समानता समितीचं इतिवृत्त लिहायला बसवलं. समितीत सात माणसं, सातही सज्जन. आठ महिने त्यांनी शाळेच्या फाटकावर लावायचं एकच वाक्य घोटलं होतं. पाटीचा रंग ठरवायला एक उपसमिती होती, तिचं काम वेगळंच.

खरा प्रश्न होता सहावीच्या प्रगत गणिताच्या वर्गाचा. जागा अठ्ठावीस. परीक्षेला बसायचं तर पालकांनी फॉर्म भरायचा, आणि फॉर्मची खबर जायची ई-मेलने. भारतीय आणि चिनी आया त्या ई-मेलवर डोळ्यांत तेल घालून बसायच्या. गोरे पालकही काही कमी नव्हते. पण शाळेमागच्या अपार्टमेंटांतल्या कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन घरांतून गेल्या वर्षी एकही फॉर्म आला नव्हता.

"त्यांना इंटरेस्ट नसावा," एक गृहस्थ खेदाने म्हणाले.

सुलभाबाईंनी पेन खाली ठेवलं. "पण त्यांना बोलावलं कोणी?"

"ई-मेल गेला होता ना."

"ई-मेल तर मला पिझ्झावाल्याचाही येतो."

प्रिन्सिपल हॅन्सनबाईंनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाल्या, "मग तुम्हीच जाऊन बोलवा ना!" सुटका करून घ्यायला म्हणाल्या बिचाऱ्या. आपण कोणाला काय सांगून बसलो, हे त्यांना पुढे कळायचं होतं.

सुलभाबाईंनी रीतसर पत्रिका छापली. मजकूर भावाच्या लग्नपत्रिकेवरून घेतला आणि प्रामाणिकपणे इंग्रजीत उतरवला: सहकुटुंब, सहपरिवार, इष्टमित्रांसह उपस्थित राहून मुलांना आशीर्वाद द्यावेत. कुंकू लावलेल्या तांदळाच्या पुड्या बांधल्या. रविवारी नवऱ्याला गाडी काढायला लावली.

"सुलभा, जागा अठ्ठावीसच आहेत," अनिलराव स्टिअरिंगवरून कुरकुरले. "आपली नेत्रा पण बसतेय टेस्टला. तू स्वतःच कॉम्पिटिशन वाढवतेयस, यार!"

"काय बोलून राहिले तुम्ही! दोन वर्षं झूमवर कोचिंग झालंय तिचं. तिला काय होतंय?" बाई ठसक्यात म्हणाल्या. पण नेत्राला ती जागा मिळावी म्हणून त्यांनी गुपचूप गणपतीला साकडं घातलं होतं.

शाळेमागच्या अपार्टमेंटांतली एकवीस घरं झाली. शेवटचं, बाविसावं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. दार मिसेस बुकर नावाच्या आजींनी उघडलं. त्यांची नात इमानी नेत्राच्याच वर्गात होती. पुडी उघडून त्यांनी विचारलं, "हे शिजवायचं का?"

"नाही. हे हातात घेतलं, की नाही म्हणता येत नाही."

आजी खो खो हसल्या. मग म्हणाल्या, "चौदा वर्षं राहते मी इथे. शाळेचं माणूस घरी आलं, ते आजवर तक्रार घेऊनच." सुलभाबाईंना इतकी लाज वाटली की त्यांनी तिथेच, उभ्या उभ्या, इमानीचा फॉर्म भरून घेतला.

परीक्षेच्या शनिवारी हॅन्सनबाईंनी तीस मुलांची सोय केली होती. आली एकसष्ट. आणि त्यांच्यासोबत, पत्रिकेत लिहिल्याप्रमाणे, आज्या, मावश्या, तान्ही बाळं, एक गिटारवाला मामा आणि मक्याच्या पानग्यांसारख्या मेक्सिकन टमालेचे चार मोठे डबे. कोणीतरी आशीर्वाद द्यायची वेळ विचारत होतं. हॅन्सनबाई पार्किंगमध्येच मट्कन बसल्या.

सुलभाबाईंनी पदर खोचला; म्हणजे जॅकेटची चेन वर ओढली. टेबलं पुरेनात, म्हणून जिममध्ये योगाच्या मॅट टाकून मुलांची पंगत बसवली. पेन्सिली पुरेनात, तेव्हा एकेकीचे दोन तुकडे केले आणि मामाला टोकं काढायला बसवलं. "टोटल केऑस!" हॅन्सनबाई पुटपुटल्या. "अहो, पाहुणे आले की असंच असतं," बाई म्हणाल्या आणि पेपर वाटत सुटल्या.

दोन आठवड्यांनी निकाल लागला. बोलावलेल्या घरांतली नऊ मुलं वर्गात आली होती. समितीने टाळ्या वाजवल्या. नियम असा ठरला होता, की यंदा निकालाचा फोन प्रत्येक घरी जाईल, आणि तो अर्थात सेक्रेटरी करेल. सुलभाबाईंनी यादी खाली खाली वाचत नेली. अठ्ठाविसावं नाव इमानी बुकर. एकोणतिसावं नेत्रा देवपुजारी.

त्या तिसऱ्या मजल्यावर आपण चढलोच नसतो तर? हा विचार त्यांच्या मनात आला, आणि चांगला मिनिटभर तिथे बसून राहिला. स्वतःचा इतका राग त्यांना कधीच आला नव्हता. मग त्यांनी आधी मिसेस बुकरना फोन लावला. तिकडून अशी किंकाळी आली, की रिसीव्हर कानापासून हातभर लांब धरावा लागला.

पुढचा नंबर स्वतःच्या घरचा. अनिलरावांनी उचलला.

"मी शाळेतून बोलतेय. नेत्राचे पालक का?"

"सुलभा, हे काय नाटक?"

बाईंनी जागा न मिळालेल्यांसाठीचा छापील मजकूर शेवटपर्यंत वाचला. एक शब्द गाळला नाही. नेत्रा शेजारीच कान लावून उभी होती. तिनेच फोन घेतला.

"मॉम? नेक्स्ट इयर परत टेस्ट असते ना?"

"असते."

"मग नेक्स्ट इयर कोणालाच बोलवू नकोस. प्लीज?"

हो म्हणून टाकणं किती सोपं होतं. "बोलावणार, राणी," त्या म्हणाल्या. "सगळ्यांना."

"दॅट्स सो अनफेअर!" नेत्रा किंचाळली आणि तिने फोन आपटला.

यादीत प्रत्येक नावापुढे एक रकाना होता: कुटुंबाचं म्हणणं. सुलभाबाईंनी डोळे पुसले आणि लिहिलं, 'मुलगी म्हणते, हा अन्याय आहे.' मग त्यांनी गेल्या वर्षीची, ई-मेल गेलेल्या सगळ्या घरांची फाइल उघडली आणि ती बावीस घरं शोधली. सगळ्यांपुढे हाच रकाना कोरा होता. त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.