आत्याचे राजे

झेंडूच्या हारांचा वास आला की मंठ्यातली ती दुपार आठवते आणि अजूनही चिडचिड होते. पुतळ्याच्या अनावरणाला एका संस्थानचे राजे आले होते. राजेराण्यांची कात्रणं जपणाऱ्या आत्यासोबत मी चार तास उन्हात उभी होते, पण गर्दीपुढे काही दिसलं नाही. कार्यक्रम संपल्यावर पांढऱ्या शर्टातले एक गृहस्थ हात जोडत आमच्यापुढे थांबले. आत्या मात्र मान उंचावून फेटा शोधत होती.

"अहो, जरा सरका की! राजे दिसून न्हाई राह्यले!"

ते हसले आणि खरंच बाजूला झाले. कात्रणांतला तो चेहरा मला ओळखू आला, पण उशिरा.

"आत्या, तेच होते!" मी ओरडले, तोवर त्यांची गाडी निघाली होती.

एसटीत मी रागाने तिच्याशी एक शब्द बोलले नाही. ती पदराने डोळे टिपत होती, हे दिसत असूनही. आता राग येतो तो माझाच.