चार वाजताचं कार्ड

चौऱ्याण्णवच्या प्लेगमध्ये पळून गेलेले कामगार सुरतला परतले, त्या वर्षी मीही गावाहून मोठ्या भावाकडे, डिंडोली वस्तीतल्या खोलीत आलो. त्यानेच मला त्याच्या कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये चिकटवलं. फाटकापाशी कामगार कायद्याचा बोर्ड होता. नऊ तासांच्या वर काम झालं तर दुप्पट पगार, असं त्यावरचं गुजराती मी अक्षरं जुळवत भावाला वाचून दाखवलं. तो नुसता हसला.

नऊ तास भरून चारचा भोंगा झाला की आम्ही रांगेत कार्ड पंच करायचो, पुढच्या फाटकातून बाहेर पडायचो आणि कंपाउंडला वळसा घालून मागच्या दाराने पुन्हा कामावर. आठ वाजेपर्यंत. जो नाही म्हणेल, त्याला दुसऱ्या दिवशी वॉचमन आत सोडायचा नाही. दुप्पट-बिप्पट बोर्डावरच राहायचं. कागदोपत्री आम्ही चारला घरी जाऊन चहा पिणारी सुखी माणसं होतो. मला या वरातीची गंमत वाटायची. आता त्या गमतीची लाज वाटते.

एके दिवशी चारच्या सुमारास भावाच्या मशीनच्या रोलरला कापड अडकून गुंडाळलं जायला लागलं. त्याला जागचं हलता येईना.

"मनं बी कार्ड मारी टाक," तो म्हणाला.

मी दोघांचीही कार्डं मारली. त्यात विचार करण्यासारखं काही आहे, असं वाटलंच नाही.

साडेसहाला त्याचा उजवा हात रोलरमध्ये गेला. मी दहा पावलांवर होतो. दवाखान्यात पंजा काढावा लागला.

भरपाईची चौकशी मिलच्या ऑफिसात झाली. सरकारी साहेब माणूस वाईट नव्हता. त्याने आधी भावाला खुर्ची दिली. मॅनेजरने भावाचं कार्ड पुढे केलं. चारला सुटी. मी म्हणालो, मी तिथेच होतो, डोळ्यांनी पाहिलंय. मॅनेजरने शांतपणे माझंही कार्ड काढलं. मीही चारलाच घरी गेलेलो.

साहेबाने दोन्ही कार्डं शेजारी ठेवली. दोन्हींवर एकच मिनिट. भावाचं कार्ड कोणी पंच केलं, असं त्याने हिंदीत विचारलं. खरं सांगितलं असतं तर भावाची केस उभी राहिली असती आणि माझी नोकरी तिथल्या तिथे गेली असती. घरात वहिनी, दोन मुली, गावी आई, आणि कमावणारा आता मी एकटा.

"मैंने ही किया, साहब," भाऊ म्हणाला. "घर गया था. टिफिन भूल गया था, लेने आया, तब हाथ गया."

साहेब माझ्याकडे बघत राहिला. शेवटी त्याने तेच लिहून घेतलं: अपघात सुटीनंतरचा, भरपाई नाही.

बाहेर आल्यावर भाऊ एवढंच बोलला, "तुनी नोकरी र्‍हायनी पाहिजे."

तेव्हा तरी मी परत आत जायला हवं होतं. गेलो नाही. त्याला रिक्षात बसवलं. तेवढ्यात चारचा भोंगा झाला. मी रांगेत उभा राहिलो, कार्ड पंच केलं आणि मागच्या दाराने आत गेलो. भावाचं मशीन आता माझ्याकडे होतं.