ओ न देणारं शीड

परवा कारवारला बंदरावर सभा होती... बोटीवर राबणाऱ्या सगळ्यांना बोलावलं होतं. समुद्रात आता बिनमाणसाच्या शिडाच्या बोटी फिरतात. आपल्या आपण चालतात, वाऱ्या-पाण्याची माहिती गोळा करतात. त्यांच्याशी जुळवून कसं घ्यायचं, हे आम्हाला शिकवायचं होतं म्हणे.

मी अणशीकडचा. आमच्याकडे समुद्र नाही, जंगल आहे... पण भाताची झोडणी उरकली की आमच्यातले चार-सहा जण घाट उतरून जाळी ओढायला जातात. यंदा आप्पा, म्हणजे माझे वडील, जाऊ नको म्हणून मागे लागले होते. त्याला कारण आहे.

मागच्या हंगामात मी समुद्रात पडलो. उजाडता उजाडता जाळं ओढत होतो आणि पाय घसरला. इंजिनाच्या आवाजात कुणाला पत्ताच लागला नाही, आमची बोट निघून गेली पुढे. जाळ्याला बांधतात तो रिकामा पिवळा कॅन हाताला लागला, म्हणून आज हे लिहितोय.

पोहता येतं मला, पण आमच्याकडच्या काळी नदीत पोहणं वेगळं... दोनेक तास झाले असतील. हात बधिर झालेले, नाकातोंडात खारट पाणी. देवाचं नाव घेऊन झालं, मग देवाला शिव्याही घालून झाल्या.

आणि शीड दिसलं. केशरी रंगाचं, सरळ माझ्याकडे येणारं... खोटं कशाला सांगू, मी रडलो.

मी हाळी दिली. आमच्या रानातली, लांब ओढलेली. जंगलात वाटेला वळण आलं की आप्पा अशी हाळी द्यायचे आणि जरा थांबायचे. हाळी ऐकली की जनावर वाट सोडतं आणि माणूस ओ देतो, म्हणजे पुढे कोण आहे ते कळतं. लहानपणापासून हे अंगात मुरलंय.

ओ आली नाही. म्हटलं, झोपलेत साले. कॅन काखेत धरून मी तिकडे पोहायला लागलो... तर शीड वळलं. मी जोर केला, ते आणखी वळलं. शेवटी मला चांगला लांब वळसा घालून ते शिस्तीत निघून गेलं. वर काचेचा एक गोल डोळा होता, तो मी बघितला. त्यानेही मला बघितलं असणार.

मला तेव्हा असल्या बोटी ठाऊकच नव्हत्या. आत माणसं आहेत आणि ती मला टाळून गेली, हेच डोक्यात बसलं. वर्षभर त्या माणसांना शिव्या दिल्या मी. जेवताना दिल्या, शेतात दिल्या... बायको कंटाळली ऐकून.

मी हाळ्या देत राहिलो. आणखी तासाभराने दुसऱ्या एका बोटीने मला काढलं. जाळं टाकून, इंजिन बंद करून ते लोक चहा पीत होते. त्यांच्या म्हाताऱ्या तांडेलाला, म्हणजे बोटीच्या मुख्याला, मी दिसलो नव्हतो, हाळी तेवढी कानावर गेली होती. कुठून आली, कसली आली, काही माहीत नसताना तो उभा राहिला आणि त्याने ओ दिली.

तर परवाची सभा... पडद्यावर चित्रं दाखवत होते. कंपनीचा साहेब तरुण, कन्नड छान बोलणारा. बोट समोरचं ओळखते, आपणहून दिशा बदलते, कुणाला धक्का लावत नाही, असं सगळं कौतुक चाललं होतं. नमुना म्हणून त्याने एक फोटो लावला.

पाणी. पाण्यात एक पिवळा ठिपका, शेजारी एक काळा. भोवती लाल चौकट आणि खाली इंग्रजीत लिहिलेलं... अडथळा टाळला.

पिवळा माझा कॅन. काळं माझं डोकं.

मी उठून सांगितलं, हा मी आहे. सगळे वळून बघायला लागले. साहेबाचा चेहरा पडला, ते मान्य करतो. म्हणाला, यंत्राला तेव्हा पाण्यातला माणूस ओळखायला शिकवलं नव्हतं. चहाच्या वेळी जवळ येऊन हळूच विचारलं, आता शिकवताना तुमचा हा फोटो वापरला तर चालेल का... कागदही तयार होता.

मी सही केली. उद्या दुसऱ्या कुणाचं डोकं असेल तिथे. पण त्याला म्हटलं, डोळा दिलात तसा कानही द्या त्याला. हसला बिचारा, लिहून घेतलं.

आत माणूस नव्हता हे कळल्यावर खरं तर मन हलकं व्हायला हवं होतं. नाही झालं. वर्षभर राग धरायला कुणीतरी होतं, आता तेही नाही.

घरी येऊन आप्पांना सगळं सांगितलं. सुपारी कातरता कातरता त्यांनी ऐकलं. मग म्हणाले, "वाट सोडली न्हवं त्यानं? वाघबी तेवढं करतोय. पर त्यासाठी वाघाच्या कौतुकाची कुणी सभा घेत न्हाई."

मी यंदाही जाणार आहे, पण त्या तांडेलमामाच्या बोटीवर. त्याला माझं नाव माहीत नव्हतं, गाव माहीत नव्हतं. त्याचे उपकार या जन्मात फिटायचे नाहीत.

आणि त्या शिडाशी जुळवून घ्यायचं म्हणत असाल... तर घेऊ की. आधी त्याने ओ द्यावी.