चाकावरची विभूती

शिलाई मशीनच्या तेलाचा वास आला की आजही माझं डोकं तापतं.

बीदरच्या एका दुकानात अप्पांनी अक्कासाठी मशीन पसंत केली, आगाऊ पैसे भरले आणि तिच्या चाकावर विभूतीची तीन बोटं ओढली. पंधरा दिवसांनी आम्ही दोघं ती आणायला गेलो, तर तीच मशीन दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या टांग्यात चढत होती.

“ही आमची हाय की, शेटजी! चाकावर विभूती बघा.”

“काका, पावतीवर ‘ऑर्डर’ लिहिलंय. ‘बुकिंग’ असतं तर हीच ठेवली असती. ऑर्डरवाल्याला माल येईल तेव्हा दुसरी. पोरगा कॉलेजात हाय न्हवं? विचारा त्याला.”

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. “व्हय रं?”

मी इंग्रजीतली पावती वाचली. “व्हय अप्पा, तसंच लिहिलंय.”

ज्यांनी पोटाला चिमटा घेऊन मला शिकवलं, त्यांनाच मी ते इंग्रजी ऐकवलं. हीच मशीन देतो म्हणून सांगून पावतीवर भलतंच कामून लिहिलं, हे त्या लबाडाला विचारलं नाही.

अप्पा टांग्याजवळ गेले आणि पटक्याच्या शेवानं चाक पुसू लागले.

“दुसऱ्याच्या वस्तूवर आपली विभूती नको,” म्हणाले.