एका दाताने बदनाम झालेली स्पायडर

स्टिअरिंगचा नट काही सुटत नव्हता. मुलुंडच्या एका जुन्या सोसायटीच्या आवारात, उघड्या टपाच्या लाल गाडीत मी पाना घेऊन बसलो होतो. बाजूला कामत साहेब काठी टेकून उभे. केमिकल कंपनीतले रिटायर्ड इंजिनिअर, वय अठ्ठ्याहत्तर. बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली होती आणि शनिवारपर्यंत आवार रिकामं करायचं होतं.

"स्टिअरिंग तेवढं काढून दे, तुळसकर," ते म्हणाले. "लाकडाचं आहे, भिंतीवर लावीन. बाकी भंगारवाला उचलेल."

गाडी जुनी इटालियन स्पायडर. स्पायडर म्हणजे दोघांची, कापडी टप मागे दुमडणारी स्पोर्ट्स कार. कधीकाळी एका वकिलातीच्या माणसाने आणलेली, म्हणून स्टिअरिंग डावीकडे. साहेबांनी रिटायर झाल्यावर तिसऱ्या मालकाकडून हौसेने घेतली. इटलीच्या दुसऱ्या महागड्या गाड्यांची पोस्टरं लोक भिंतीवर लावतात, हिचं नावही कोणी घेत नाही. पण मेकॅनिकला विचाराल तर चारही चाकांना डिस्क ब्रेक, पाच गिअर, आणि सीटवरून न उठता एका हाताने मागे टाकता येणारा टप. त्या काळात हे सगळं एका गाडीत मिळणं कठीण होतं.

साहेबांच्या गाडीला मात्र दम नव्हता. पवईचा चढ ती सेकंड गिअरमध्ये धापा टाकत चढायची. मित्र हसायचे. शेवटी तीन वर्षांपूर्वी त्यांनी ती चालवणंच सोडलं. कागदपत्रं तेवढी चालू ठेवली होती.

नटाला तेल सोडून मी थांबलो. तोवर बॅटरी काढू म्हणून बॉनेट उघडलं. सवयीने पाना लावून इंजिन हाताने फिरवलं, तर मस्त मोकळं फिरलं. मग राहवेना. टायमिंग बेल्टचं कव्हर काढलं.

हा बेल्ट म्हणजे दातेरी रबरी पट्टा. तो वरच्या दोन पुली फिरवतो, त्यांच्यामुळे इंजिनातले व्हॉल्व्ह वेळेवर उघडतात आणि मिटतात. पुलींवर खुणा असतात, त्या जुळल्याच पाहिजेत. इथे एका पुलीची खूण एक दात पुढे होती. एवढ्याने इंजिन बंद पडत नाही, पण त्याची ताकद जाते.

हा बेल्ट कोणी लावला ते विचारायची गरज नव्हती. पंधरा वर्षांपूर्वी मी अंधेरीच्या एका गॅरेजमध्ये नोकरीला होतो. साहेबांनी गाडी घेतल्या घेतल्या बेल्ट बदलायला तिथे आणली आणि तो मीच बदलला. महिन्याभरात ते तक्रार घेऊन आले, तेव्हा मी कव्हर उघडलंही नाही. "इटालियन गाड्या दिसायलाच छान, साहेब. अशाच असतात," असं ठोकून दिलं. म्हणजे गाडीचा खरा दम त्यांनी कधी बघितलाच नव्हता.

कव्हर परत लावलं असतं तर कोणाला कळलं नसतं. दोन मिनिटं तसा विचारही केला.

"साहेब, ही कमजोर नाहीये. बेल्ट एक दात चुकलाय. मी लावलेला."

ते वाकले. "दाखव."

दाखवलं. इंजिनिअर माणूस, समजावावं लागलं नाही.

"पंधरा वर्षं मी हिला नावं ठेवली," ते हळू म्हणाले. "चारचौघांत. घेऊन चूक केली म्हणायचो."

"चूक माझी होती."

"ती आहेच. आता काय करणार ते बोल."

मी चार दिवस मागितले. इतक्यात त्यांची मुलगी रेवा सामानाचा खोका घेऊन खाली आली. तिचा प्रश्न रास्त होता. "काका, भाड्याच्या जागेत एकच पार्किंग आहे. चालू करून ठेवायची कुठे?"

"कांदिवलीला, माझ्या शेडमध्ये."

"आणि बाबा रोज कांदिवलीला जाणार?"

"फक्त रविवारी," साहेब म्हणाले. एकदा ठरलं की त्या घरात वाद होत नसावा.

जुनं पेट्रोल काढलं, टाकी धुतली, कार्बोरेटर खोलून साफ केला, ब्रेकची रबरं बदलली. एका ओळखीच्याकडे त्या मापाचा नवा बेल्ट मिळाला. या वेळी खुणा तीनदा बघितल्या. शुक्रवारी सकाळी इंजिन चालू झालं आणि आवाज ऐकूनच कळलं, काम झालंय.

दुपारी साहेब स्वतः चालवायला बसले. मी शेजारी. पवईचा चढ आला तसा त्यांचा हात सवयीने सेकंडकडे गेला.

"नको. थर्डमध्येच राहू द्या."

गाडी थर्डमध्ये सरळ वर गेली. मग त्यांनी आपणहून फोर्थ टाकला, तरी ती ओढतच राहिली. वर पोचल्यावर त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि चष्मा पुसत बसले.

"तुळसकर, ही एवढी होती?"

"पहिल्या दिवसापासून, साहेब."

"मूर्ख आहेस तू," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. मग टप मागे टाकला आणि पुन्हा गिअर घातला. भंगारवाल्याला रेवाने फोन करून नको म्हणून सांगितलं.

तेव्हापासून कोणी म्हणालं की गाडीत दम नाही, तर मी गाडीचं मॉडेल नंतर विचारतो. आधी विचारतो, शेवटचा हात कोणी लावला होता. आजवर दोनदा तो माझाच निघालाय.