काकांसाठी निवडलेला ब्रिटिश सिनेमा

माझे काका आयुष्यभर कोल्हापुरातल्या एका थिएटरात मशीन ऑपरेटर होते. रविवारी सकाळी तिथे इंग्रजी सिनेमे लागत आणि मी मशीनच्या खोलीत स्टुलावर बसून भिंतीतल्या चौकोनी भोकातून ते बघत असे. अमेरिकन सिनेमा असला की काका रीळ चढवून चहाला जात. ब्रिटिश असला की मात्र जागचे हलत नसत. इंग्रजी त्यांना माझ्याइतकंच येई, म्हणजे येत नसे.

"ही माणसं भांडताना बी कपबशी नीट ठेवत्यात," ते म्हणत. "तोंडाकडं बघू नको. हाताकडं बघ."

ओले कपडे टांगलेली स्वयंपाकघरं, गिरणीच्या काळ्या भिंती, अपमान गिळून 'थँक यू' म्हणणारी माणसं... हा सिनेमा मला आवडायला लागला तो काकांमुळे. पुढे चारचौघांत मी त्यावर अधिकारवाणीने बोलायला लागलो, ते मात्र स्वतःच्या हिमतीवर.

काकू गेल्यापासून काका कुरुंदवाडला एकटेच राहतात. वय एकोणऐंशी. गेल्या पावसाळ्यात ते न्हाणीत घसरून पडले आणि शेजारी येईपर्यंत तसेच पडून होते. पुण्याहून त्यांच्या मुलाचा मला फोन आला. "दादा, माझं काही ऐकत नाहीत. इकडं यायचं म्हणून तूच सांग त्यांना. पुन्हा पडले आणि कुणी आलंच नाही तर?"

मी छाती पुढे काढून हो म्हणालो. रिक्षावाल्याशी हुज्जत घालताना माझा आवाज कोल्हापूरच्या अख्ख्या राजारामपुरीत ऐकू जातो, पण 'काका, घर सोडा' एवढं म्हणायला जीभ उचलेना. दोनदा कुरुंदवाडला जाऊन, पेरूंवर चर्चा करून परत आलो. मग मला एक ब्रिटिश सिनेमा सुचला.

निवृत्त बस ड्रायव्हर. मुलगी एका दिवसासाठी येते, त्याला आपल्याकडे न्यायला. दिवसभर दोघं भांडी कागदात गुंडाळत राहतात आणि जाण्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. शेवटी म्हातारा मुकाट तिच्याबरोबर निघतो. तो शेवट किती हळुवार आहे, हे मी आजवर निदान दहाजणांना सांगितलं होतं.

"म्हणजे तुम्ही गप्प बसणार आणि टीव्ही काकांना समजावणार?" बायको म्हणाली.

"ब्रिटिश सिनेमाची ताकद तुला कळायची नाही."

"तुमची कळली."

रविवारी काकांना आमच्याकडे जेवायला बोलावलं आणि दुपारी जेवणं झाल्यावर पडदे ओढले. काका खुर्ची पुढे सरकवून बसले. "आवाज कमी कर. ती माणसं वरडंना, तू कशाला त्यास्नी वरडायला लावतोस?"

पडद्यावर म्हाताऱ्याने गेलेल्या बायकोचा कप हातात घेतला, कागद उचलला, परत ठेवला. काकांचा अंगठा खुर्चीच्या हातावर एकाच जागी घासला जात होता. मी सिनेमा बघतच नव्हतो, त्या अंगठ्याकडे बघत होतो. कळलं असेल का? चिडले तर? उठून तडक एसटी स्टँडवर गेले तर?

शेवटची पंधरा मिनिटं राहिली आणि माझ्या लक्षात आलं. पुढचं मी पाहिलंच नव्हतं. मागच्या वेळी मी इथेच झोपलो होतो. इतकी वर्षं ज्याची तारीफ केली तो हळुवार शेवट म्हणजे माझीच डुलकी होती.

म्हाताऱ्याने खोकं फोडलं. एकेक ताटली काढून परत फळीवर मांडू लागला. दर ताटलीचा आवाज खोलीभर. मग अंधार, नावं.

स्वयंपाकघराच्या दारातून बायको हळूच म्हणाली, "छान समजावलंत."

काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "पोरानं सांगितलं व्हय तुला? मला न्यायचं म्हणून?"

"हो."

"आणि तू ह्ये दावलंस? ह्यात म्हातारा जात न्हाय की रं."

"मी शेवटाला झोपलो होतो, काका."

ते हसतील असं वाटलं. हसले नाहीत. "मागं घे. ताटल्या मांडतोय तिथनं."

मी मागे घेतलं. दोनदा भलतीकडेच गेलं. पुन्हा ताटल्या सुरू झाल्या. मी पुन्हा म्हाताऱ्याकडे बघू लागलो.

"त्येच्याकडं न्हवं. मागं दारात बघ."

दारात, अंधुक, मुलगी उभी होती. अंगात कोट, हातात पिशवी. तिसऱ्या ताटलीला तिने घड्याळ पाहिलं. पाचवीला पिशवी खाली ठेवली आणि कोटाची बटणं काढू लागली.

"तिची गाडी गेली," काका म्हणाले. "त्येला ठावं बी न्हाय. पाठमोरा हाय न्हवं."

चित्र तिथेच थांबवायला लावून ते बघत राहिले. मग म्हणाले, "माझं बी पोरगं असंच हुबं ऱ्हातंय. मी आपला कपाट आवरत बसतो. फोन लाव त्येला."

मी लावला आणि आता तरी दोन शब्द बोलावेत म्हणून कानाला नेणार, तेवढ्यात त्यांनी तो काढून घेतला. "तू नको. तू त्येलाबी सिनेमा दावशील."

बायको पदराआड हसली. मला हसू येईना. पलीकडे घंटी वाजत होती, मला इथवर ऐकू येत होती.

"हां, मी बोलतोय. बरा हाय. ऐक. येत्या रविवारी ये. टेम्पो-बिम्पो आणू नको. दोन दिसांची रजा काढून ये, लगेच घड्याळ बघायचं न्हाय. यायचं का न्हाय ते मग दोघं मिळून ठरवू."

काकांनी फोन कानावर घट्ट दाबला.

"ऐकतोयस न्हवं? मग बोल की."