बाबांनी चार्ज दिला

खराडीतल्या त्या वृद्धाश्रमात बाबांना मीच ठेवलं होतं, हे आधी कबूल करते. हडपसरच्या माझ्या ऑफिसपासून तो जवळ होता आणि मोबाइलवर बाबा चोवीस तास दिसतील, असं मालकाने सांगितलं होतं. मालक पूर्वी सॉफ्टवेअरमध्ये होता. म्हाताऱ्यांच्या गळ्यात कार्डं, दाराला बोटाचा ठसा, खिडक्यांना न उघडणाऱ्या काचा. विसरत चाललेल्या माणसासाठी याहून वाईट जागा शोधूनही मिळाली नसती, पण मला ती आधुनिक वाटली. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय.

बाबा सरकारी खात्यात स्टोअरकीपर होते. या आजारात ते घर विसरले, मला विसरले, नोकरी तेवढी राहिली. काचा आणि कार्डं बघून हे आपलं नवं ऑफिस, अशी त्यांची खात्री पटली आणि ते दिवसभर बादल्या, उशा मोजत आणि कागदावर त्यांची यादी करत हिंडू लागले. पुढे मोबाइलवर ते शांत पडलेले दिसायला लागले. मला बरं वाटायचं. एका मंगळवारी न कळवता गेले, तर त्यांचा हात पलंगाला बांधलेला.

"फार फिरतात हो," मालक म्हणाला.

मनगटावर वळ उठला होता. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मालकावर धड ओरडताही येईना. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता घरी नेते.

मालकाची हरकत नव्हती. हरकत बाबांची होती.

"बदलीची ऑर्डर कुठाय?"

मी मालकाच्याच प्रिंटरवर ऑर्डर छापली. आमचं घर बिबवेवाडीला, म्हणून बिबवेवाडी कार्यालय, तत्काळ हजर व्हावे. बाबांनी ती दोनदा वाचली.

"ठीक. पण चार्ज कोण घेणार? चार्ज दिल्याशिवाय मी जागचा हलणार नाही, मॅडम."

मॅडम म्हणजे मी. सरकारी नोकरीत बदली झाली की आपल्या ताब्यातली वस्तू न् वस्तू पुढच्या माणसाला मोजून द्यायची आणि त्याची सही घ्यायची. मालक म्हणाला, मी घेतो. बाबांनी त्याच्या टी-शर्टाकडे बघितलं. "हे कंत्राटी दिसतात," ते मला म्हणाले.

शेवटी समोरच्या खोलीतल्या आजी पुढे झाल्या. निवृत्त मुख्याध्यापिका, पाय गेलेले, डोकं शाबूत. "आणा ती यादी. पण मी मोजून घेणार, सांगून ठेवते."

मग दोन तास वरात चालली. पुढे यादी घेतलेले बाबा, मागे चाकाच्या खुर्चीत आजी, खुर्ची ढकलायला मी. खुर्च्या मोजताना मालकालाही उठवलं. चहा आला, तो दोघांनी कामाची वेळ म्हणून परत पाठवला.

"एक मग कमी आहे," आजी म्हणाल्या.

"फुटला. शेरा वाचत जा."

"वाचता येईल असा लिहीत जा."

मी घड्याळ बघत होते. बाबांचा विचार बदलला तर ते परत त्या पलंगावर जाऊन बसतील, ही धास्ती होती.

शेवटच्या पानावर रहिवासी होते, एकूण बारा. आजींनी स्वतःला धरून दोनदा मोजले.

"अकराच भरतात."

"बारावा मी," बाबा म्हणाले. "तो नग तुमच्या ताब्यात येत नाही, मॅडम घेऊन चालल्यात. त्यांची सही घ्या."

आजींनी कागद माझ्यापुढे धरला. मगाच्या शेऱ्यापेक्षा इथलं अक्षर पुष्कळ नीट होतं. वृद्ध पुरुष, नग एक. स्थिती: नादुरुस्त. शेरा: परत पाठवू नये.

मला रडू फुटलं. आजींनी पेन पुढे केलं, मी सही केली. बाबांनी कागद घेऊन ती चष्म्यातून निरखली आणि तो पुन्हा माझ्या हातात दिला.

"तारीख राहिली," ते म्हणाले.